तारेवरचे धरणे : इंटरनेटवरील निषेधाचा आरंभकाळ



‘धरणे’ हा आपल्याकडचा जुना शब्द आहे. ज्याचे येणे बुडाले असा मनुष्य पूर्वी ऋणकोच्या दाराशी जाऊन बसे. तो शिवीगाळ करीत नसे, दार फोडीत नसे. नुसता बसून राही आणि उपास करी. दाराशी एक जीव उपाशी बसलेला असताना आतल्या माणसांनाही घास उतरत नसे. ह्या बसण्याचा धाक इंग्रजांनाही जाणवला. १८६० साली त्यांनी भारतीय दंडसंहिता केली, तेव्हा दैवी कोपाची भीती घालून दुसऱ्याला भाग पाडण्याच्या गुन्ह्याचे उदाहरण म्हणून त्यांनी दाराशी धरणे धरणारा मनुष्यच घेतला आणि ‘धरणे’ हा शब्द जसाच्या तसा कायद्यात घातला. बसणाऱ्याच्या हाती शस्त्र नव्हते. क्लेश तो स्वतःलाच देत होता, आणि ते साऱ्या गावाला दिसत होते. त्याचे बळ होते ते एवढेच.

आजचा माझा विषय वरवर पाहता ह्या माणसापासून फार दूरचा आहे. १९९५ पासून पुढे दहा-अकरा वर्षे इटली, अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, स्वित्झर्लंड अशा देशांतील काही कलावंतांनी आणि कार्यकर्त्यांनी इंटरनेटवर धरणे धरण्याचा उद्योग केला. ते त्याला ‘व्हर्च्युअल सिट-इन’ म्हणत. १ फेब्रुवारी १९६० रोजी अमेरिकेतील ग्रीन्सबरो गावी चार नीग्रो विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहाच्या फळीशी जाऊन बसले आणि उठेनात. त्या ‘सिट-इन’चे नाव ह्या मंडळींनी मुद्दाम घेतले. आपण त्याला तारेवरचे धरणे म्हणू. परंतु जेथे बसायला देहच नाही तेथे धरणे कसले, असा प्रश्न कोणीही विचारील. तो रास्त प्रश्न आहे, आणि ह्या साऱ्या इतिहासाची किल्लीही त्याच प्रश्नात आहे.

कामगार चळवळीत एखाद्या लढ्याचा हिशेब मांडताना आम्ही तीन गोष्टी पाहतो. माणसे किती उतरली? ती कोणाच्या नावाने उतरली? आणि किंमत कोणी मोजली? ह्याच तीन मापांनी आज मी हा इतिहास मोजणार आहे.

प्रथम ह्या धरण्याची रीत समजून घेऊ. रेल्वेची तिकीटखिडकी डोळ्यांपुढे आणा. तेथे एखादा गुंड आला आणि त्याने काच फोडून गल्ला पळवला, तर तो दरोडा झाला. पण पाच हजार माणसे शिस्तीने रांगेत उभी राहिली, प्रत्येकाने खिडकीशी येऊन “अमुक गाडी केव्हा सुटते?” एवढेच विचारले आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन तो उभा राहिला, तर? प्रत्येकाचा प्रश्न कायदेशीर आहे, काच शाबूत आहे, गल्ल्याला हात लागलेला नाही. पण खिडकीचे काम थांबले. संकेतस्थळाचे असेच असते. सर्व्हर नावाचा संगणक मागेल त्याला पान काढून देतो. एका वेळी किती जणांना द्यायचे ह्याला मर्यादा आहे. त्या मर्यादेबाहेर माणसे आली की पाने मिळणे मंदावते, क्वचित थांबते. दरोडा आणि रांग ह्यांतला फरक आपण लक्षात ठेवू, कारण पुढे वारंवार त्याची गाठ पडणार आहे.

दरोड्याच्या रीतीचा निषेध आधी झाला. ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकेची ‘नासा’ ही संस्था ‘गॅलिलिओ’ हे यान सोडण्याच्या तयारीत होती. यानातील विजेसाठी प्लुटोनियम वापरले होते म्हणून अण्वस्त्रविरोधी लोक चिडले होते. त्या दिवसांत संस्थेच्या संगणकांत एक आपोआप पसरणारा प्रोग्राम शिरला आणि पडद्यांवर अण्वस्त्रांविरुद्धची घोषणा झळकू लागली. हे कोणी केले ते सिद्ध झाले नाही. संशय ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराकडे गेला. यान १८ ऑक्टोबरला सुटले. निषेध झाला खरा, परंतु त्यामागे एक मनुष्य होता की शंभर, हे कोणालाच सांगता येईना. आमच्या पहिल्या दोन मापांत हा निषेध बसत नाही.

रांगेच्या रीतीचा आरंभ २१ डिसेंबर १९९५ रोजी झाला. फ्रान्सने त्या वर्षी पॅसिफिक महासागरातील बेटांवर पुन्हा अणुस्फोट सुरू केले होते. इटलीतील फ्लॉरेन्स शहरच्या ‘स्ट्रानो नेटवर्क’ ह्या गटाने हाक दिली की, ठरल्या वेळी, एका तासापुरते, सर्वांनी फ्रेंच सरकारची ठरावीक संकेतस्थळे उघडावीत आणि पुन्हा पुन्हा उघडत राहावे. ह्याला त्यांनी ‘नेटस्ट्राइक’, म्हणजे जाळ्यावरचा संप, असे नाव दिले. दिवस जाहीर, वेळ जाहीर, कारण जाहीर. प्रत्येकाने आपल्या बोटाने बटण दाबायचे होते. कामगारांच्या प्रतीकात्मक तासाभराच्या संपाची ही हुबेहूब नक्कल होती, आणि इटलीसारख्या संपांच्या देशात ती सुचावी ह्यात नवल नाही.

ह्या रीतीला खरे मोल चढले ते मेक्सिकोतील चियापास प्रांतामुळे. १ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको ह्यांचा मुक्त व्यापाराचा करार अमलात आला. त्याच पहाटे चियापासमधील आदिवासी शेतकरी ‘झापाटिस्टा’ ह्या नावाने शस्त्रे घेऊन उठले. करारासाठी सरकारने १९९२ सालीच घटना बदलून गावाच्या सामाईक जमिनी विक्रीला मोकळ्या केल्या होत्या. पोटावरच पाय आला होता. लढाई बारा दिवस चालली, कारण मेक्सिको शहरात प्रचंड मोर्चे निघाले आणि सरकारला शस्त्रसंधी जाहीर करावी लागली. तेथून पुढे झापाटिस्टांनी बंदुकीपेक्षा शब्दांवर भिस्त ठेवली. त्यांचा प्रवक्ता मार्कोस ह्याची पत्रके रानातून शहरात येत आणि शहरातून इंटरनेटवरून जगभर जात. ज्या गावांत वीज धड नव्हती, त्या गावांचे म्हणणे रोम आणि न्यूयॉर्क येथे वाचले जाऊ लागले.

२२ डिसेंबर १९९७ रोजी चियापासमधील आक्तेआल ह्या वस्तीत प्रार्थनेसाठी जमलेल्या लोकांवर सशस्त्र टोळीने गोळीबार केला. पंचेचाळीस माणसे मेली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. ही माणसे ‘लास आबेखास’, म्हणजे ‘मधमाश्या’, ह्या अहिंसावादी संघटनेची होती. ही टोळी सरकारपक्षाच्या आश्रयाने वाढली असा आरोप सर्वत्र झाला. ह्या हत्याकांडाने इंटरनेटवरच्या मंडळींना नुसती पत्रके पाठवून समाधान होईना. जानेवारी १९९८ मध्ये इटलीतूनच मेक्सिकोच्या वित्तसंस्थांच्या संकेतस्थळांपुढे रांग लावण्याची हाक आली. ती हाक ऐकून अमेरिकेत चार जण एकत्र आले: रिकार्डो डोमिंग्वेझ, कार्मिन कारासिक, ब्रेट स्टॉलबॉम आणि स्टीफन रे. त्यांनी आपल्या मंडळीला ‘इलेक्ट्रॉनिक डिस्टर्बन्स थिएटर’ असे नाव दिले. ‘थिएटर’ हा शब्द नीट लक्षात घ्या. आपण करतो ते नाटक आहे, आणि ते हजारो नटांनी मिळून करायचे आहे, अशी त्यांची धारणा होती.

त्यांनी ‘फ्लडनेट’ नावाचे साधन तयार केले. आपल्या ब्राउझरमध्ये ते पान उघडून ठेवले की दर काही सेकंदांनी ठरलेले संकेतस्थळ आपोआप पुन्हा मागवले जाई. १० एप्रिल १९९८ रोजी मेक्सिकोचे अध्यक्ष सेदियो ह्यांच्या संकेतस्थळापुढे पहिले धरणे झाले. त्यात ८,१४१ जण बसले, असे आयोजकांनी सांगितले. १० मे रोजी अमेरिकेच्या व्हाइट हाउसपुढे धरणे झाले.

परंतु फ्लडनेटचे खरे वैशिष्ट्य ह्या रांगेत नव्हते. जे पान सर्व्हरवर नाही ते मागितले, तर “ते पान येथे सापडत नाही” असे ठरावीक उत्तर येते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ह्या मंडळींनी ह्याच उत्तराचा उपयोग करून घेतला. बसणाऱ्याने मेक्सिको सरकारच्या सर्व्हरकडे ‘मानवी हक्क’ ह्या नावाचे पान मागायचे. सर्व्हर बिचारा यंत्र. तो प्रामाणिकपणे उत्तर देई की, ‘मानवी हक्क’ ह्या सर्व्हरवर सापडत नाहीत. आणखी एक गोष्ट अशी की, न सापडलेल्या प्रत्येक मागणीची नोंद सर्व्हर आपल्या वहीत आपोआप करून ठेवतो. म्हणून आक्तेआल येथे मेलेल्यांची नावे पानांची नावे म्हणून मागितली गेली. ज्या सरकारवर त्या मृत्यूंचा आरोप होता, त्याच सरकारच्या दप्तरात ती नावे पुन्हा पुन्हा उमटत राहिली. मोर्चात मृतांची नावे पुकारली जातात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की नावांची नोंद सरकारच्याच यंत्राने केली. निषेधकलेत ह्याच्या तोडीचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. येथे कोणाचे काही मोडले नाही, आणि सर्व्हरने जे उत्तर दिले ते खोटेही नव्हते.

९ सप्टेंबर १९९८ रोजी ऑस्ट्रियातील लिंझ शहरी ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ ह्या कलामहोत्सवात ह्याचा मोठा प्रयोग झाला. मेक्सिकोचे अध्यक्ष, अमेरिकेचे संरक्षणखाते आणि फ्रँकफर्टचा शेअरबाजार अशा तिघांपुढे एकाच वेळी रांग लावण्यात आली. सुमारे वीस हजार माणसे बसली, असे आयोजक म्हणतात. शेअरबाजारावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. संरक्षणखात्याने मात्र उलटा डाव टाकला: फ्लडनेटवरून येणाऱ्यांच्या ब्राउझरकडे असा एक प्रोग्राम परत पाठवला की तो ब्राउझरच बंद पडावा. लष्कराने स्वतःच्या नागरिकांच्या यंत्रांवर असा प्रतिहल्ला करावा काय, ह्यावर तिकडे पुढे चर्चा झाली. सर्वांत बलाढ्य सैन्याला एका नाटकमंडळीला उत्तर द्यावेसे वाटले, हेच मंडळीच्या दृष्टीने नाटकाचे यश होते.

त्याच वर्षीची दुसरी घटना आपल्या मुंबईची आहे. ११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरण येथे भारताने अणुस्फोट केले. पुढच्याच महिन्यात ‘मिलवर्म’ नावाच्या टोळीने तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या यंत्रणेत शिरकाव केला, तेथील पत्रव्यवहार उचलला आणि मुखपृष्ठावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र लावले. टोळीत निरनिराळ्या देशांतील कुमारवयीन मुले होती. अणुयुद्धाला विरोध हा त्यांचा दावा खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण पाच-सहा मुलांनी काच फोडली म्हणजे लोकमत प्रकट झाले असे होत नाही. त्या वेळी भारतात आणि पाकिस्तानात रस्त्यावर उतरून, नावगाव देऊन, अणुस्फोटांचा निषेध करणारी माणसे होती. त्या प्रवाहाविरुद्ध उभे राहण्याची किंमतही त्यांनी मोजली. निषेध म्हणून मी तिकडेच बोट दाखवीन.

आता वादाकडे वळतो. तारेवरच्या धरण्याला पहिला कडवा विरोध झाला तो सरकारांकडून नव्हे, तर हॅकर मंडळींकडूनच. त्यांतल्या काहींचे म्हणणे असे की, इंटरनेट हे सर्वांचे व्यासपीठ आहे. दुसऱ्याचे संकेतस्थळ बंद पाडणे म्हणजे सभेत आरडाओरड करून वक्त्याला खाली बसवणे होय. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इंग्लंडमधील ‘इलेक्ट्रोहिप्पीज’ ह्या गटाने त्याला उत्तर दिले. नोव्हेंबर १९९९ च्या अखेरीस सिअॅटल येथे जागतिक व्यापार संघटनेची परिषद भरली, तेव्हा रस्त्यावर हजारो लोक होते आणि तारेवरचे धरणे ह्या गटाने धरले होते. त्यात साडेचार लाख जण बसले, असा त्यांचा दावा होता. पुढे फेब्रुवारी २००० मध्ये याहू, अॅमेझॉन, सीएनएन ह्यांची संकेतस्थळे एका कॅनडियन मुलाने बंद पाडली. त्याचे वय पंधरा. दुसऱ्यांच्या संगणकांवर चोरून ताबा मिळवून त्याने त्यांच्याकरवी ही रांग लावली होती. इलेक्ट्रोहिप्पीज म्हणाले: आमच्यात आणि ह्यात हाच भेद आहे. आमच्या धरण्याला हजारो माणसांची संमती लागते. लोक आले नाहीत तर धरणे आपोआप पडते. तिकडे एकटा मनुष्य हजारांचे सोंग घेतो.

हे नुसते बोलणे नव्हते. एप्रिल २००० मध्ये जनुकबदल केलेल्या पिकांविरुद्ध धरणे धरावे की नाही, ह्यावर त्यांनी मतदान घेतले. बाजूने ४२ टक्के मते पडली. निम्म्याहून अधिक लोक पाठीशी नाहीत हे पाहून त्यांनी धरणे रद्द केले. श्रोतेहो, संपाचे मतदान घेऊन ते मान्य करणे किती अवघड असते, हे ज्याने गेटसभेपुढे उभे राहून पाहिले आहे त्याला ह्या छोट्याशा घटनेचे मोल कळेल. मला तर साडेचार लाखांच्या दाव्यापेक्षा हे ४२ टक्के अधिक खरे वाटतात.

यशाची जी कथा सर्वांत जास्त सांगितली जाते ती ‘टॉयवॉर’ची. ‘इटॉय’ ह्या युरोपातील कलावंतांच्या गटाने १९९५ साली आपले संकेतस्थळ ह्याच नावाने नोंदवले होते. दोन वर्षांनी अमेरिकेत ‘इटॉइज’ नावाचे खेळण्यांचे दुकान इंटरनेटवर निघाले. गिऱ्हाइके चुकून कलावंतांकडे जाऊ लागली. कंपनीने ते नाव विकत मागितले. पाच लाखांहून अधिक डॉलरची रोकड व शेअर देऊ केले. कलावंतांनी नकार दिला. तेव्हा २९ नोव्हेंबर १९९९ रोजी लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने कलावंतांनाच स्वतःचे जुने नाव वापरण्याची मनाई केली. मग नाताळच्या ऐन धंद्याच्या दिवसांत, १५ ते २५ डिसेंबर, दुकानापुढे तारेवरचे धरणे धरले गेले, कंपनीची नाचक्की करणाऱ्या पत्रकांचा पाऊस पडला, आणि शेकडो लोक ‘खेळण्यातले सैनिक’ होऊन त्या मोहिमेत शिरले. वर्ष संपता संपता कंपनी नरमली. जानेवारी २००० मध्ये तिने दावा मागे घेतला आणि कलावंतांचा ४० हजार डॉलर खर्च भरून दिला. नोव्हेंबरअखेर साठ डॉलरच्या वर असलेला कंपनीचा शेअर फेब्रुवारीत विसाच्या खाली आला होता. २००१ साली तिचे दिवाळे वाजले.

कलावंतांनी शेअरच्या ह्या घसरणीचा आकडा अब्जांत मांडून ‘कलेच्या इतिहासातील सर्वांत महाग प्रयोग’ असे त्याचे वर्णन केले. येथे थोडे थांबले पाहिजे. ती कंपनी तोट्यात चालली होती, आणि तिच्यासारख्या कितीतरी कंपन्या त्या वर्षी कोणीही धरणे न धरता बुडाल्या. दावा मागे घेतला गेला हे यश निःसंशय धरण्याचे. दिवाळे मात्र बाजाराचे. पाऊस पडल्यावर आपणच पाडला असे सांगणारा पुढारी आमच्या चळवळीतही असतो, आणि त्याच्यामुळे पुढच्या लढ्याचा अंदाज हटकून चुकतो.

त्याच काळातील कामगारांचे एक उदाहरण देतो. सप्टेंबर १९९५ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूल बंदराचे गोदी कामगार साथीदारांच्या धरण्याची रेषा ओलांडेनात, म्हणून सुमारे पाचशे जणांना कामावरून काढून टाकण्यात आले. त्यांच्या मोठ्या राष्ट्रीय संघटनेने संपाला अधिकृत मान्यता दिली नाही. तेव्हा ‘लेबरनेट’ ह्या मंडळीच्या साह्याने त्यांनी इंटरनेटवरून जगातील गोद्यांशी परस्पर संधान बांधले. जानेवारी १९९७ मध्ये कित्येक देशांच्या बंदरांत त्यांच्यासाठी काम थांबले किंवा सभा झाल्या. येथे कोणाचे संकेतस्थळ बंद पडले नाही. बंद पडल्या त्या खऱ्याखुऱ्या याऱ्या. तारेने फक्त निरोप पोहोचवला, किंमत माणसांनी मोजली. जानेवारी १९९८ मध्ये हा लढा हरला, हेही सांगितले पाहिजे. उत्तम साधन आणि जगाची सहानुभूती असूनही लढा हरू शकतो.

शेवटचे प्रकरण जर्मनीचे. मे १९९९ मध्ये आमिर अगीब ह्या सुदानी निर्वासिताला देशाबाहेर घालवताना लुफ्तान्सा कंपनीच्या विमानात पोलिसांच्या बळजबरीत त्याचा जीव गेला. ‘कोणीही माणूस बेकायदा नसतो’ असे म्हणणाऱ्या जर्मन मंडळीने त्या विमानसेवेविरुद्ध मोहीम उघडली. २० जून २००१ रोजी कंपनीच्या भागधारकांची सभा कोलोन येथे होती. सभेच्या दाराशी निदर्शने आणि त्याच वेळी दोन तास तारेवरचे धरणे, असा बेत त्यांनी आखला आणि निदर्शनाची सूचना द्यावी तशी अधिकाऱ्यांना आधी सूचना दिली. तेरा हजारांवर संगणकांवरून लोक बसले. हाक देणाऱ्यांपैकी एकावर खटला झाला. २००५ साली फ्रँकफर्टच्या खालच्या न्यायालयाने बटण दाबणे हीच बळजबरी ठरवून त्याला दंड केला. मे २००६ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला: येथे हिंसाही नाही, धमकीही नाही, म्हणून बळजबरीचा गुन्हा होत नाही. रांग आणि दरोडा ह्यांतला फरक एका न्यायालयाने मानला. परंतु पुढच्याच वर्षी जर्मनीने संगणकविषयक कायदा कडक केला. आपल्याकडेही २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलम असे आहे की, हक्कदाराला संगणकापर्यंत पोहोचू न देणे हेच दोषास्पद ठरते; त्यामागे पंधरा वर्षांचे एकटे पोर आहे की दहा हजार नागरिक, हा प्रश्न ते कलम विचारीत नाही.

सारांश, माझ्या तीन मापांनी पाहता ह्या इतिहासातून जे शिल्लक राहते ते असे. सर्व्हर किती वेळ बंद पडला ह्यावरून ह्या धरण्यांचे यश ठरत नाही. बहुतेक वेळा तो बंद पडलाच नाही. जेथे मागणीमागे खरी माणसे होती, वेळ आणि कारण आधी जाहीर होते, हाक देणारे आपल्या नावाने उभे होते, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला चियापासची गावे किंवा कोलोनची निदर्शने अशी जमिनीवरची संघटना होती, तेथे त्या धरण्याला वजन आले. जेथे यंत्राने माणसांचे सोंग घेतले तेथे वजन गेले; आणि आज तर लाखो खोटी नावे तयार करून हवा तो गजर करणारी यंत्रे पैसे टाकून मिळतात. बटण दाबणे सोपे झाले, म्हणून त्याची किंमतही उतरली.

ही किंमत पुन्हा चढवायची असेल तर मोजता येतील अशी खरी माणसे आधी जमवावी लागतील. त्यासाठी अजूनही चाळीच्या जिन्यावर, कारखान्याच्या गेटवर आणि वस्तीच्या नळावर जाऊन एकेकाशी बोलावे लागते. सायकलवर फिरून वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्या आमच्या पिढीला ज्याने दुसरा मार्ग सापडला नाही, तसा तारेवर बसणाऱ्या पिढीलाही तो सापडलेला नाही. तरुण मंडळींनी तार जरूर हाती घ्यावी. पण धरणे धरण्यापूर्वी इलेक्ट्रोहिप्पीजप्रमाणे मतदान घ्यावे, आणि मते कमी पडली तर उठून पुन्हा लोकांकडे जावे.